ल्यूथरन चर्चमधील रंगीत काचचित्रे कशी वाचावीत

साताऱ्यात माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांतील कोणी ना कोणी आज जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आहे, आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात महिना-दोन महिने तिकडे जाऊन येतात. तिथे गावातले जुने चर्च पाहायला नेले जाते, मान वर करून रंगीत खिडक्या पाहिल्या जातात, मोबाइलवर दोन छायाचित्रे घेतली जातात आणि पाचव्या मिनिटाला मंडळी बाहेर कॉफी प्यायला निघतात. शाळेत चित्रकला शिकवण्यात सारे आयुष्य गेलेले असूनही पहिल्या खेपेस मीही तेवढेच केले. दुसऱ्या खेपेस मात्र एकाच खिडकीसमोर दीड तास बसलो. ती खिडकी पाहण्यापेक्षा वाचण्यासाठी केलेली आहे, हे मला तेव्हा कळले. ते वाचन कोणत्या क्रमाने करावे, कशाकडे आधी पाहावे आणि कुठे फसगत होते, हे साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून पुढे लिहिले आहे.

या वाचनाचा सराव आपल्याकडे ख्रिस्ती घरांतही फारसा नसतो, आणि त्याला कारण आहे. या भागातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची घडण मुख्यतः अमेरिकन मिशनांच्या हाताखाली झाली. साताऱ्याकडे काँग्रिगेशनल परंपरेचे अमेरिकन मराठी मिशन होते, तर मिरज-सांगली-कोल्हापूरकडे प्रेस्बिटेरियन मिशनरी होते, ज्यांच्यापैकी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू केले. या दोन्ही परंपरांचा कल उपासनास्थान साधे ठेवण्याकडे होता. मार्टिन ल्यूथर या सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारकापासून निघालेली ल्यूथरन परंपरा भारतात प्रथम उतरली ती तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीस, ९ जुलै १७०६ रोजी, आणि पुढे ती आंध्रात व छोटा नागपुरात रुजली. आपल्या घाटमाथ्याशी तिचा संबंध जवळजवळ आलाच नाही.

तरीही चिन्हांवरून आकृती ओळखण्याची विद्या आपल्याला परकी नाही, आणि माझ्या मते पहिला धडा जर्मनीत न गिरवता वाईजवळच्या मेणवलीत गिरवावा. नाना फडणवीसांच्या वाड्यातील भिंतीवरच्या चित्रांसमोर उभे राहिलात तर प्रत्येक आकृतीखाली नाव लिहिलेले नसते, तरी शंख, चक्र, मोरपीस किंवा नांगर पाहून देव ओळखता येतो. तेथून खाली घाटावर गेलात तर एका लहान देवळाशी एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते, आणि तिच्या अंगावर कडेवर बाळ घेतलेल्या मरियेची उठावाची आकृती आहे. त्या आकृतीला चक्र नाही, गदा नाही, नावही नाही. तरीही ती कोण हे आपण ओळखतो, ते बाळ, डोक्यावरचे वस्त्र आणि उभे राहण्याची ढब यांवरून. ख्रिस्ती काचचित्र वाचताना नेमके हेच करायचे असते, फक्त लक्षणांची यादी वेगळी.

आधी ल्यूथरचे म्हणणे समजून घ्यावे

हा भाग कोणी गाळू नये, कारण तो कळला नाही तर ल्यूथरन खिडकी आणि कॅथलिक खिडकी यांत फरक दिसत नाही आणि मग सगळेच अर्थ थोडे थोडे चुकतात.

चर्चमधील गैरप्रथांवर टीका करणाऱ्या ल्यूथरच्या ३१ ऑक्टोबर १५१७ च्या ९५ प्रबंधांनंतर (म्हणजे वादाच्या मुद्द्यांनंतर) चर्चसुधारणेची जी लाट उठली, तिच्यात चर्चमधील चित्रे आणि मूर्ती काढून टाकण्याची मागणीही पुढे आली. ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याच्या विटेनबर्ग गावात कार्लश्टाट या त्याच्याच सहकाऱ्याच्या पुढाकाराने चित्रे हटवण्याचा प्रयत्न सुरू झाला. ल्यूथर परतला आणि मार्च १५२२ मध्ये त्याने लागोपाठ आठ दिवस प्रवचने केली. त्यांतील चित्रांविषयीचा आशय असा होता की चित्रे आवश्यकही नाहीत आणि निषिद्धही नाहीत; पूजा होत असेल तर दोष अंतःकरणात आहे आणि तो वचनाने काढायचा आहे, हातोड्याने नव्हे. पुढे १५२५ च्या एका लेखात त्याने आणखी नेमके सांगितले. ख्रिस्ताविषयी ऐकले की मनात वधस्तंभावर टांगलेल्या माणसाचे चित्र आपोआप उमटते, जसा पाण्यात पाहणाऱ्याचा चेहरा उमटतो. मग जे मनात असणे पाप नाही ते डोळ्यांसमोर असणे पाप कसे? सधन लोकांनी आपल्या घरांच्या भिंतींवर आतून-बाहेरून शास्त्रातील कथा रंगवून घ्याव्यात, अशी इच्छाही त्याने व्यक्त केली. मेणवलीचा वाडा पाहिलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. झुरिकमध्ये मात्र १५२४ मध्ये झ्विंग्ली या तिथल्या सुधारकाच्या प्रभावाखाली चर्चमधील चित्रे काढली गेली, आणि आपल्याकडे आलेली साधेपणाची परंपरा त्या बाजूच्या घराण्यातली आहे.

हा फरक एका खिडकीत अक्षरशः मोजून दाखवता येतो. मोशेच्या हातातील दोन दगडी पाट्यांवर दहा आज्ञांऐवजी बहुधा केवळ रोमन अंक असतात. पहिल्या पाटीवर तीन आणि दुसरीवर सात अंक असतील तर ती गणना ल्यूथरन किंवा कॅथलिक आहे. चार आणि सहा असतील तर ती रिफॉर्म्ड, म्हणजे झ्विंग्लीच्या बाजूच्या परंपरेची. कारण ल्यूथरन गणनेत प्रतिमांसंबंधीचा निषेध पहिल्या आज्ञेच्या पोटात धरला जातो, वेगळी आज्ञा म्हणून मोजला जात नाही, आणि शेवटच्या लोभाविषयीच्या आज्ञेचे दोन भाग करून दहाचा आकडा पुरा केला जातो. आपल्याकडच्या रविवारच्या शाळेत ज्याने ‘कोरीव मूर्ती करू नको’ ही दुसरी आज्ञा म्हणून पाठ केली आहे, त्याला हा हिशेब प्रथम चुकीचाच वाटेल.

चित्राने काय करायचे याचा ल्यूथरन नमुना पाहायचा असेल तर विटेनबर्गच्या नगर चर्चमधील क्रानाख या चित्रकाराच्या १५४७ च्या वेदीचित्राकडे पाहावे. ते काचेवरचे नाही, पण त्याच्या खालच्या पट्टीत सगळी किल्ली आहे. एका बाजूला ल्यूथर पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच मंचावर, उभा आहे, दुसऱ्या बाजूला मंडळी आहे, आणि दोघांच्या मध्ये क्रूसावरचा ख्रिस्त आहे. ल्यूथरचा एक हात उघड्या शास्त्रावर आहे आणि दुसऱ्या हाताचे बोट ख्रिस्ताकडे आहे. ल्यूथरन खिडकीतील प्रत्येक चिन्ह त्या बोटासारखे समजावे: त्याचे एक टोक शास्त्रातील एखाद्या वचनात असते आणि दुसरे ख्रिस्ताकडे वळलेले असते. ही दोन्ही टोके सापडेपर्यंत वाचन पुरे झाले असे मानू नये.

जाण्यापूर्वीची तयारी

फार काही लागत नाही. मराठी पवित्र शास्त्र मोबाइलवर असावे, म्हणजे वचन तिथल्या तिथे काढता येते. लहान दुर्बीण असेल तर उत्तमच, कारण वरच्या कमानीतील चिन्हे जमिनीवरून रंगीत ठिपक्यांसारखी दिसतात. उपासना चालू असताना फिरू नये आणि छायाचित्राची परवानगी दाराशीच विचारावी. फ्लॅश निरुपयोगी असतो. पडद्यावर खिडकीतील सर्वांत उजळ जागेवर बोट टेकवून उजेड कमी करावा, नाहीतर भिंत नीट येते आणि काच पांढरी फटक दिसते.

वेळेचे महत्त्व मात्र फार आहे. जुन्या चर्चमध्ये वेदी शक्यतो पूर्वेकडे असते, म्हणून वेदीमागची खिडकी सकाळी जिवंत असते आणि प्रवेशदारावरची पश्चिमेची खिडकी दुपारनंतर. लख्ख उन्हात फरशीवर रंग सांडलेले दिसतात, ते पाहायला फार छान. पण वाचण्यासाठी पातळ ढगाळ उजेड चांगला, कारण तेव्हा चेहऱ्यावरच्या बारीक रेषा दिपत नाहीत. आपला आकाशकंदील उलटा केल्यासारखा हा प्रकार आहे. कंदिलात दिवा आत आणि पाहणारा बाहेर. इथे दिवा म्हणजे सूर्य बाहेर आणि पाहणारा आत. त्यामुळेच दिवसा बाहेरून तीच खिडकी काळवंडलेली, जाळी बसवलेली, कळाहीन दिसते. ‘मीच जगाचा प्रकाश आहे’ हे योहान ८:१२ मधील वचन या कारागिरीचा पायाच म्हणता येईल, कारण इथे चित्राला स्वतःचा उजेड नसतो.

काच कशी बनते हे थोडे माहीत असले की अर्थ लावताना घसरायला होत नाही. काच वितळत असताना धातूंची संयुगे घालून रंग आणला जातो: कोबाल्टने निळा, तांब्याने तांबडा किंवा हिरवा, मँगनीजने जांभळा. तांबडी काच संपूर्ण जाडीभर रंगवली तर ती जवळजवळ काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर तांबडीचा पातळ थर चढवतात. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून चांदीच्या संयुगाचा लेप भाजून पिवळा रंग काढता येऊ लागला, आणि त्यामुळे केस, मुकुट, प्रभावलय हे वेगळा तुकडा न कापता एकाच काचेवर रंगवता आले. चेहऱ्याची नाक-डोळ्यांची रेघ ही काचेची बारीक पूड आणि धातूचे ऑक्साइड यांच्या काळपट रंगाने काढून भट्टीत भाजलेली असते. मग तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवतात. एखाद्या संताच्या गालावरून काळी रेघ आडवी गेलेली दिसली तर तो व्रण किंवा हौतात्म्याची खूण समजू नये. बहुधा काच तडकली आणि कारागिराने तिथे शिशाची पट्टी घालून ती सांधली, एवढाच त्याचा अर्थ.

वाचनाचा क्रम

आधी जागा पाहावी. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळची खिडकी पाण्याविषयी बोलत असण्याचा संभव मोठा: नोहाचे तारू, तांबड्या समुद्रातून जाणारे इस्राएल लोक, यार्देन नदी, किंवा तीन थेंब गळणारा शिंपला. वेदीजवळ गव्हाच्या ओंब्या, द्राक्षे, प्याला. ल्यूथरन मंडळी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार मानतात, म्हणून ही दोन चिन्हकुळे सर्वांत जास्त वेळा भेटतात.

मग तळाची पट्टी वाचावी. तिथे बहुधा देणगीदाराचे किंवा ज्याच्या स्मरणार्थ खिडकी दिली त्याचे नाव आणि साल असते. कोपऱ्यात गुडघे टेकलेली लहान आकृती, तिच्याशेजारी घराण्याची ढाल, असे दिसले तर तो प्रेषित नसून पैसे देणारा गृहस्थ असतो. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर प्रसंगांकडे वळावे. अनेक चौकटींची जुनी खिडकी पुष्कळदा खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायची असते. आपला डोळा पोथीच्या सवयीने वरून सुरुवात करतो आणि पुनरुत्थान आधी, जन्म नंतर असा घोटाळा होतो. खालून वाचून कथा जुळत नसेल तर हट्ट न धरता वरून वाचून पाहावे. डाव्या-उजव्याची दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी: उजवी बाजू म्हणजे ख्रिस्ताची उजवी, पाहणाऱ्याची नव्हे. मत्तय २५:३३ मधील न्यायाच्या प्रसंगात मेंढरे त्याच्या उजवीकडे आणि शेरडे डावीकडे असतात, म्हणजेच मेंढरे आपल्या डावीकडे.

आता आकृती. प्रभावलयात क्रूसाची फुली असेल तर ती व्यक्ती ख्रिस्त, कारण ते वलय मानवी संतांना देत नाहीत. हा एकच नियम निम्मे काम करतो. चार शुभवर्तमानकार त्यांच्या पंख असलेल्या खुणांनी ओळखावेत: मत्तय म्हणजे माणूस, मार्क म्हणजे सिंह, लूक म्हणजे बैल, योहान म्हणजे गरुड, या चौघांचे मूळ यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायात आणि प्रकटीकरण ४:७ मध्ये आहे. बैल दिसला की आमच्याकडचा माणूस नंदी म्हणतो, ते स्वाभाविकच आहे. पण पंख आणि पुढ्यातला ग्रंथ पाहिला की लूक सापडतो. पेत्राजवळ किल्ल्या, पौलाजवळ तलवार, आंद्रियाजवळ तिरपा क्रूस. थोमाजवळ बहुधा सुताराचा गुण्या आणि भाला असतो, कारण परंपरेनुसार तो बांधकाम जाणणारा होता, भारतात आला आणि मैलापूर येथे भाल्याने मारला गेला. परक्या गावातील काचेत भारताचा हा दुवा सापडला की बरे वाटते.

अक्षरांचे थोडे पाठांतर लागते. आपल्याला इंग्रजी एक्स आणि पी एकमेकांत गुंतल्यासारखी दिसणारी आकृती म्हणजे ‘ख्रिस्त’ शब्दाची पहिली दोन ग्रीक अक्षरे, खी आणि रो. आय-एच-एस ही ‘येशू’ नावाची पहिली तीन ग्रीक अक्षरे. क्रूसावरच्या पाटीवरील आय-एन-आर-आय म्हणजे योहान १९:१९ मधील ‘नासोरी येशू, यहूद्यांचा राजा’ या लेखाची लॅटिन आद्याक्षरे. अल्फा आणि ओमेगा सर्वांना ठाऊक असतात. व्ही-डी-एम-ए ही चार अक्षरे मात्र खास ल्यूथरन: ‘प्रभूचे वचन सर्वकाळ टिकते’ या १ पेत्र १:२५ च्या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरे असून सुधारणेच्या काळात ल्यूथरच्या बाजूच्या राजेरजवाड्यांनी ती ब्रीद म्हणून मिरवली.

रंग सर्वांत शेवटी पाहावेत, असा माझा आग्रह आहे. बहुतेक माणसे सुरुवातच रंगापासून करतात, आणि निळा म्हणजे स्वर्ग, तांबडा म्हणजे रक्त असे कोष्टक लावत सुटतात. तांबडा पवित्र आत्म्याचा आणि हुतात्म्यांचा, जांभळा पश्चात्तापाचा, पांढरा जन्मोत्सवाचा व पुनरुत्थानाचा, हिरवा वाढीचा, हे संकेत खरे आहेत आणि वेदीवरचे वस्त्र त्या त्या काळात त्यांप्रमाणे बदलतेही. परंतु काच बदलत नाही, आणि काचकाराला निळ्याशेजारी तांबडा हवा असतो तो पुष्कळदा केवळ तोल साधण्यासाठी. आकृती आणि वचन ठरल्यावर रंग त्याला दुजोरा देतो का, एवढेच पाहावे.

एक खिडकी जवळून

ज्या खिडकीसमोर मी दीड तास बसलो ती एका लहान गावातील चर्चमधली होती. उभट टोकदार कमानींचे तीन पट्टे आणि वर दगडी जाळीत बसवलेल्या तीन लहान गोल काचा, अशी तिची रचना. डाव्या पट्ट्यात एका खांबावर वेटोळे घातलेला पिवळा साप होता आणि खाली माणसे त्याच्याकडे पाहत होती. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी पाहिलेल्या माझ्या मनात आधी नागपूजा आली, मग औषधांच्या दुकानावरची खूण आली, आणि दोन्ही चुकीची ठरली. तो मोशेने उभारलेला पितळेचा साप होता. गणना २१ मध्ये सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचतात, आणि योहान ३:१४ मध्ये येशू तोच दाखला देऊन मनुष्याच्या पुत्रालाही तसेच उंच केले पाहिजे असे सांगतो. म्हणून मधल्या पट्ट्यात क्रूस. उजव्या पट्ट्यात माशाच्या तोंडातून बाहेर येणारा योना, आणि त्याचा संबंध मत्तय १२:४० शी: माशाच्या पोटातले तीन दिवस म्हणजे कबरेतील तीन दिवस. जुन्या करारातील दोन प्रसंग दोन्ही अंगांना आणि ज्याकडे ते बोट दाखवतात तो मध्ये, अशी ही मांडणी आहे. प्रसंग कालक्रमाने लावले असते तर क्रूस शेवटी आला असता; इथे तो मुद्दाम मध्ये आणला आहे. एकदा ही रीत लक्षात आली की अब्राहाम-इसहाक, वल्हांडणाचे कोकरू, मान्ना यांचेही असे जोड दिसू लागतात.

वरच्या डाव्या गोलात एक पांढरा पक्षी घरट्यावर मान वाकवून बसला होता आणि खाली तीन पिल्ले चोची उघडून होती. नातवाला मी ठासून सांगितले की हा आपल्या कृष्णाकाठच्या बगळ्यासारखा पक्षी असून पिल्लांना भरवतो आहे. तिथली देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ ऐकत होते. त्यांना शब्द कळले नसतील, पण माझ्या हातवाऱ्यांवरून चूक कळली असावी. त्यांनी सूनबाईंना काही सांगितले आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. दुर्बिणीतून पक्ष्याच्या छातीवर जोंधळ्याच्या दाण्याएवढे तांबडे थेंब दिसले. तो पेलिकन होता. हा पक्षी स्वतःची छाती फोडून रक्तावर पिल्ले जगवतो, अशी जुनी युरोपीय समजूत होती, आणि म्हणून तो स्वतःचे रक्त देणाऱ्या ख्रिस्ताचे चिन्ह ठरला. निसर्गात तसे घडत नाही. पण चिन्हाचा आधार समजुतीत असतो, पक्षीशास्त्रात नव्हे. उजव्या गोलात ध्वज धरलेले कोकरू होते. योहान १:२९ मधील देवाचा कोकरा तो हाच, आणि ध्वज पुनरुत्थानाच्या विजयाचा.

मधल्या, सर्वांत वरच्या गोलात ल्यूथरचे गुलाब होते, आणि त्याच्यावर थोडे थांबणे योग्य होईल, कारण ल्यूथरन चर्च ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे आणि तिचा अर्थ खुद्द ल्यूथरने ८ जुलै १५३० रोजी कोबुर्गहून लाझारुस श्पेंगलर याला लिहिलेल्या पत्रात सांगून ठेवला आहे. वाचन आतून बाहेर करायचे. अगदी मध्यभागी काळा क्रूस, कारण तो मारतो आणि वेदना देतो. तो तांबड्या हृदयात आहे, आणि हृदय आपला स्वाभाविक रंग टिकवून आहे, म्हणजे क्रूस माणसाचा स्वभाव नष्ट करत नाही. क्रूसावरच्या ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान जगतो, असे तो म्हणतो. हृदय पांढऱ्या गुलाबात, कारण विश्वासातून आनंद, सांत्वन आणि शांती येते. गुलाब म्हटल्यावर तांबडे अपेक्षित असते, पण इथे ते पांढरे, कारण पांढरा हा देवदूतांचा रंग. भोवती आकाशी निळा, स्वर्गीय आनंदाची सुरुवात म्हणून. सर्वांबाहेर सोन्याचे कडे, ज्याला आरंभ-शेवट नाही, आणि धातूंमध्ये जसे सोने मोलाचे तसा तो आनंद मोलाचा. रंग शेवटी पाहा हा माझा नियम या एका चिन्हापुरता मोडतो. इथे रंग हाच मजकूर आहे. कारागिरीच्या दृष्टीनेही ते पाहण्यासारखे आहे: तांबड्या काचेवर क्रूस भट्टीत भाजलेल्या काळ्या रंगाने काढलेला असतो, आणि तो रंग जागोजाग झडला की त्या फटींतून तांबडा उजेड येतो.

ल्यूथर, हंस आणि माश्या

कधी ल्यूथरच्या पायाशी हंस दिसतो, आणि आपल्याला सरस्वती आठवते. ही गोष्ट यान हुसशी जोडलेली आहे. या बोहेमियन सुधारकाला १४१५ मध्ये जाळण्यात आले. चेक भाषेत ‘हुसा’ म्हणजे बदक जातीचा कलहंस. आज तुम्ही कलहंस जाळाल, पण पुढे हंस येईल आणि त्याला जाळता येणार नाही, असे त्याचे भाकीत परंपरेने सांगितले गेले आणि तो हंस म्हणजे ल्यूथर असे मानले गेले. उत्तर जर्मनीत काही ल्यूथरन चर्चच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी हंस असतो, तो याचमुळे.

ल्यूथरन खिडक्यांत संतांच्या जागी इतिहासातील माणसेही येतात. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये १७२३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, बाख हा संगीतकार संगीतप्रमुख होता. तिथे १८९५ ची बाखची खिडकी आहे आणि १९९७ ची मेंडेल्सन या दुसऱ्या संगीतकाराची. यांना हात जोडणे अपेक्षित नसते. आपण सभागृहात समाजसुधारकांच्या तसबिरी लावतो, त्या भावनेने त्या पाहाव्यात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील असंख्य खिडक्या फुटल्या, त्यामुळे जुन्या दगडी भिंतीत अगदी नवी काच दिसणे तिथे नित्याचे आहे. नाउमबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये निओ राउख या चित्रकाराच्या तीन गडद तांबड्या खिडक्या २००७ मध्ये बसवल्या गेल्या. त्यांत तेराव्या शतकातील संत एलिझाबेथचे प्रसंग आहेत. हानोफरच्या मार्केट चर्चमध्ये मार्कुस ल्युपर्ट्झ या चित्रकाराची १३ मीटर उंचीची खिडकी २०२३ मध्ये लागली. तिच्यात पांढऱ्या वस्त्रातील आकृतीभोवती पाच मोठ्या काळ्या माश्या आहेत. माशी हे अशुद्धतेचे, सैतानाचे आणि नश्वरतेचे जुने चिन्ह. तिथे ती इतकी मोठी काढल्यामुळे पुष्कळांना खुपली, आणि चर्चच्या पुनर्बांधणीच्या वास्तुशिल्पीच्या वारसाने न्यायालयाचा दरवाजाही ठोठावला. मला स्वतःला त्या माश्या आवडत नाहीत. तरी वाचनाची रीत तिथेही चालते: माशी कोणत्या जुन्या चिन्हकुळातली, तिच्या मागे कोणते वचन उभे राहते, आणि त्या गर्दीत नजर शेवटी कुठे नेली आहे.

आकृती मुळीच नसलेली, केवळ रंगांच्या तुकड्यांची खिडकी आली तर चिन्हे शोधत बसू नये. तिथे उजेड कुठे दाट आहे, कुठे विरळ, तो खालून वर चढतो की मध्ये एकवटतो, आणि वेदीकडे काय पडते, एवढे टिपावे. तुकडे मोजण्याचाही काहींना नाद असतो. तीन आले की त्रैक्य, चार आले की शुभवर्तमानकार, बारा आले की प्रेषित, हे पुष्कळदा बरोबर येते. पण सतरा तुकड्यांतही कुणी अर्थ शोधू लागले की थांबवावे.

शेवटची एक फेरी संध्याकाळी मारावी. आत प्रार्थनेसाठी दिवे लागले आणि बाहेर अंधार पडला की दिवसभर काळी दिसलेली खिडकी रस्त्याच्या बाजूने उजळते, थेट आपल्या आकाशकंदिलासारखी. बाहेरून सारे उलटे असते: आय-एच-एस मधले एस पाठमोरे होते, मेंढरे आणि शेरडे जागा बदलतात, आणि आशीर्वादासाठी उचललेला ख्रिस्ताचा उजवा हात डावा होतो. दिवसा काढलेले छायाचित्र शेजारी धरून हा फरक तपासावा. घरी आल्यावर मोबाइलमधले एखादे चित्र चुकून उलटे झाले आहे की सुलटे, हे ओळखायला तोच हात उपयोगी पडतो.